टिकल्या, बेगड आणि फणेरपेटी

श्रावण लागला म्हणजे आमच्या घरीं माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खालीं उतरतो. डबा मुळांत बिस्किटांचा. त्यावरील चित्र केव्हांच पुसून गेलें आहे, आणि झांकण उघडण्यास चमच्याची दांडी लागते. मीरा रोडच्या पूर्वेस पूनम सागर म्हणून जी वस्ती आहे तेथें आमचें दोन खोल्यांचें बिऱ्हाड आहे. अशा बिऱ्हाडांत, जिला वर्षाचे अकरा महिने कोणी विचारीत नाहीं अशा वस्तूला जागा मिळणें ही कांहीं साधी गोष्ट नव्हे. आणि हा डबा ठेवावा कीं टाकावा यावर दर वर्षीं घरांत थोडी बोलाचाली होतेच. गेल्या वर्षीं तर तो टाकण्याचें जवळजवळ ठरलें होतें. त्या निमित्तानें आम्ही त्यांतील एकेक जिन्नस वर्तमानपत्रावर मांडून पाहिला, आणि प्रस्तुत लेखाचा उगम तेथें आहे.

डब्यांत काय काय निघालें तें सांगितलें पाहिजे. लग्नपत्रिकांवरून कातरून ठेवलेले उठावाचे सोनेरी गणपति, सुमारें दोन मुठी. औषधाच्या बाटलींत चमकी. आगपेटींत टिकल्या, त्याही रंगवार नव्हेत, सर्व एकांत एक. घडीवर रंग उडालेला मार्बल कागद. बेगडाच्या पट्ट्या. मिठाईच्या खोक्यावरून सोडविलेला जरीचा कांठ. हलव्याच्या दागिन्यांचा पुठ्ठ्याचा सांगाडा, ज्यावरील हलवा मुंग्यांनीं नेला त्यास आतां वर्षें लोटलीं. आणि अगदीं तळाशीं एका पाकिटांत आमच्या आत्याबाईंनीं कातरलेले कागदी नमुने: कमळाची पाकळी, मखराच्या कमानीचा अर्धा भाग, एक मोर. एका नमुन्यावर पेन्सिलीनें लिहिलेलें होतें, ‘आठ पाकळ्या, घडी तीनदां.’ आत्याबाई हयात नाहींत. त्यांच्या हातचें पत्र आमच्या संग्रहीं नाहीं. त्यांच्या अक्षराचा हा एवढाच पुरावा उरला आहे, आणि तो आम्ही रद्दींत घालण्याच्या बेतांत होतों.

बेगडापासूनच आरंभ करूं. बेगड म्हणजे ठोकून अतिशय पातळ केलेला व रंग चढविलेला धातूचा पत्रा. नवरानवरीच्या कपाळींचें बाशिंग, मोहरमांतील ताबूत, गौरीगणपतीचें मखर या सर्वांचा चकचकाट त्याच्यावर अवलंबून असे. भेंडाचीं फुलें, रंगीत कागद आणि मणी हे त्याचे सोबती. पुढें मराठींत ‘बेगडी’ हा शब्द खोट्या, दिखाऊ माणसाला लावण्यांत येऊं लागला. भाषेनें येथें त्या बिचाऱ्या पत्र्यावर थोडा अन्याय केला असें आमचें मत आहे. बाशिंग सोन्याचें आहे असें समजून कोणी फसलेला आम्हीं ऐकला नाहीं. तें कागदाचें आहे हें वऱ्हाडांतील लहान मुलासही ठाऊक असे. त्याचें मोल सोन्याच्या भावानें नव्हे, तर करणाऱ्याच्या हातानें ठरे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या घरगुती कलेस एक नवें खाद्य मिळालें, तें म्हणजे छापील रंगीत चित्र. रंगीत शिळाछापाच्या पद्धतीचा हक्क फ्रान्समध्यें एंगेलमान यानें १८३७ सालीं घेतला. पुढील पन्नास वर्षांत जर्मनींतील छापखान्यांनीं उठावाचीं, कडेनें कातरलेलीं लहान लहान चित्रें, फुलें, पांखरें, देवदूत, ताव्यांच्या ताव्यांनीं जगभर पाठविलीं. हीं चित्रें कागदाच्या बारीक पट्ट्यांनीं एकमेकांस जोडलेलीं असत. तीं सोडवावींत आणि वहींत चिकटवावींत हा विलायतेंतील मुलींचा व गृहिणींचा आवडता उद्योग होऊन बसला. अमेरिकेंत हें वेड इतकें वाढलें कीं, विनोदी ग्रंथकार मार्क ट्वेन यानें आयतीच खळ लावलेल्या पानांची चिकटवही शोधून १८७३ सालीं तिचा हक्क मिळविला. हेच गृहस्थ १८९६ च्या आरंभीं व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईस आले होते. 

आपल्याकडे पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ सालीं चित्रशाळा काढली आणि देवांचीं व वीरपुरुषांचीं रंगीत चित्रें मध्यम स्थितींतील घरांच्या भिंतींवर आलीं. १८९४ सालीं राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघाला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व श्लायशर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या छापखान्याची लक्ष्मी आणि सरस्वती कोणास ठाऊक नाहीं? परंतु छापखान्यांतून चित्र निघालें म्हणजे तें पुरें झालें, असें घरांतील बायकांनीं मानलें नाहीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं लक्ष्मीच्या लुगड्यावर खऱ्या कापडाचे तुकडे बेतून चिकटविले, कांठास जर लावली, दागिन्यांच्या जागीं टिकल्या व मणी टांचले, आणि मग त्यावर कांच बसविली. अशीं नटविलेलीं चित्रें आज संग्राहकांकडे मोठ्या आदरानें जपलेलीं दिसतात. खालच्या कोपऱ्यांत छापखान्याचें नांव असतें. जिनें टिकल्या लावल्या तिचें नांव कोठेंही नसतें.

आतां या बारीक वस्तू ती ठेवीत असे कोठें? हल्लीं कागदकामाच्या हौशी मंडळींस हा प्रश्न फार छळतो, आणि दुकानांतून त्यासाठीं कप्प्यांच्या पारदर्शक पेट्या मिळतात. पण कप्प्यांची विद्या आपल्या घरांस नवी नाहीं. मिसळणाचा डबा घ्या: एका गोल डब्यांत सात वाट्या, वर एक झांकण, आणि डोळे मिटून हात घातला तरी मोहरीच्या जागीं मोहरीच सांपडते. हळदकुंकवाचें पंचपाळें घ्या. पानसुपारीची चंची घ्या. कापडाच्या एका लांब पट्टीस ओळीनें कप्पे, पान एकांत, कात एकांत, लवंग एकांत, आणि सर्व गुंडाळून नाडीनें बांधलें कीं कमरेला खोंचण्याजोगी सुरळी. शिवणाचें व मण्यांचें सामान ठेवण्यास याहून चांगली युक्ति अजून निघालेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

या सर्वांची राणी म्हणजे फणेरपेटी. लांकडी पेटी, झांकणाच्या आंतल्या अंगास आरसा, झांकण उभें केलें म्हणजे आरसा समोर येतो. आंत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणीची जागा, आणि कांहीं पेट्यांस खालीं एक खण. कुंकू सुटूं नये म्हणून आधीं कपाळास मेण लावीत, म्हणून मेणाचें घर वेगळें. पुढें बाटलींतील कुंकू आलें, त्यामागून चिकट टिकली आली, मेण गेलें, आणि मोकळ्या झालेल्या घरांत बायकांनीं आपल्या हौशीच्या वस्तू ठेविल्या. आमच्या आजोळीं फणेरपेटीच्या मेणाच्या डबींत टिकल्या असत आणि फणीच्या जागीं कात्री. ती पेटी पुढें वांटणींत कोणाकडे गेली तें कळलें नाहीं.

येथें दप्तराची गोष्ट आठवते. पेशवाईचे सरकारी कागद कापडाच्या चौकोनी रुमालांत बांधलेले असत. इंग्रजी अमलांत ते जतन झाले, १८९१ सालीं पुण्यास त्यांच्यासाठीं दगडी इमारत उभी राहिली, आणि रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले. खाजगी घराण्यांचे कागद मिळविण्यासाठीं इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चें. माळ्यावरचे, वळचणीचे, वाण्याच्या पुडींत जाणारे कागद या मंडळींनीं वांचविले हे त्यांचे उपकार फिटणारे नाहींत. मात्र त्यांच्या दृष्टीस कागद म्हणजे लिहिलेला कागद. त्याच माळ्यावर त्याच घरांतील बाईनें कातरलेला मोर पडलेला असेल, तर तो उचलण्याचें कारण त्यांना दिसलें नसतें, आणि त्याबद्दल त्यांस दोष देणेंही बरें नव्हे. ज्या युगांत सनदाच धडपणें हातीं लागत नव्हत्या त्या युगांत मोराकडे कोण पाहणार?

त्याकडे वळून पाहणारा एक मनुष्य मात्र पुण्यांतच निघाला. कवि ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, आणि अडकित्ते, दिवे, कुयऱ्या, वज्री, फणेरपेट्या अशा रोजच्या वापराच्या वस्तू देशभर हिंडून जमविल्या. बालपणींच वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्यांनीं संग्रहालय केलें व १९६२ सालीं तें राज्य सरकारच्या स्वाधीन केलें. तेथील पेट्यांसमोर उभें राहिलें कीं मन प्रसन्न होतें, आणि लगेच एक चुटपुट लागते. पेटी आहे, पेटींतील वस्तू नाहींत. यांत संग्राहकाचा दोष कसला? पेटी विकण्यापूर्वीं ती झटकून रिकामी करणें हा जगाचा रिवाजच आहे. लांकूड टिकलें, पितळ टिकलें. कातरलेले नमुने, जरीचे तुकडे, रंगवार लावलेल्या टिकल्या केराबरोबर गेल्या.

कागद स्वभावतःच नाशवंत आहे असें मात्र कोणी समजूं नये. जुन्नरास व दौलताबादेजवळील कागजीपुऱ्यांत जो हातकागद होई तो चिंध्या व तागासारख्या तंतूंचा. त्यास पिठाची खळ देऊन दगडानें घोटीत, आणि त्यावरील अक्षर आजही ताजें दिसतें. पुढें राळ आणि तुरटीची खळ आली. १८४४ च्या सुमारास जर्मनींत लांकूड दळून लगदा करण्याची युक्ति निघाली. कागद स्वस्त झाला, आणि आपल्याच पोटांतील आम्लानें तो पिवळा पडून मोडूं लागला. आमच्या डब्यांतील आत्याबाईंचे नमुने वर्तमानपत्राच्या कागदाचे आहेत. घडी उलगडतांना कडा तुटून हातांत येतात. सोन्याचीही तीच तऱ्हा. जुन्या छापाचा सोनेरी रंग बहुधा पितळेच्या भुकटीचा, म्हणून तो तपकिरी होतो. हल्लींच्या लग्नपत्रिकेवरील सोनें म्हणजे पिवळें रोगण दिलेला ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर, म्हणून तो तसाच झळकतो. आमच्या दोन मुठी गणपतींत कोणते जुने व कोणते नवे हें आम्हांस केवळ रंगावरून सांगतां आलें.

खाडी आणि मिठागरें यांच्या शेजारीं राहणाऱ्यास तर दमट हवेची आणखी एक भर. खळ ही कसरीचें आवडतें अन्न. म्हणून जुने जिल्दसाज खळींत मोरचूद घालीत, आणि घरोघर पुस्तकांत वेखंडाची कांडी ठेवीत. रबराचा पट्टा दोन पावसाळ्यांत वितळून कागदास कायमचा डाग देतो, टांचणी गंजते, आणि मऊ प्लास्टिकच्या पिशवीला छापील चित्र चिकटून बसतें. या तिन्ही चुका आमच्या डब्यांत झालेल्या होत्या.

कोणी म्हणेल, ही कलाच आतां उरली नाहीं, मग हा खटाटोप कशाला? तसें नाहीं. २०१८ सालीं राज्यांत थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठ्याकागदाच्या मखरांस पुन्हां दिवस आले. आमच्याच जिन्यावर त्या वर्षीं तीन घरीं रात्रीं जागून कातरकाम चाललें होतें. डिसेंबरांत भाईंदर-उत्तनकडे ख्रिस्ती घरांवर कागदी तारे लागतात, दिवाळींत आकाशकंदील. करणारे हात आहेत. अडतें तें नमुन्यापाशीं. प्रत्येक घर दर वर्षीं मुळाक्षरांपासून आरंभ करतें, कारण मागल्या वर्षीची कमान विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं केरांत गेलेली असते.

आम्ही काय केलें तें सांगून पुरें करतों. टिकल्या व मणी एका जुन्या मिसळणाच्या डब्यांत रंगवार गेले. सातवी वाटी, जी आमच्या स्वयंपाकघरांतही कधीं भरत नसे, ती सुट्या आणि जोड न मिळणाऱ्या वस्तूंची. गणपति हातकागदाच्या पाकिटांत, लग्नाचें साल बाहेर लिहून. ज्या पत्रिकेचें साल आठवेना त्यावर घरांत दोन दिवस वाद झाला, आणि त्या वादांत तीन विसरलेलीं लग्नें आठवलीं. नमुन्यांच्या प्रती नव्या कागदावर काढल्या, मूळ नमुने वेखंडाच्या कांडीसह सपाट ठेविले, आणि प्रत्येकावर करणारीचें नांव घातलें. ‘आठ पाकळ्या, घडी तीनदां’ या नमुन्याप्रमाणें आमच्या मुलीनें कागद दुमडून कातरून पाहिला. उलगडल्यावर पाकळ्या आठच आल्या, परंतु चार मोठ्या व चार लहान. हें तिचें चुकलें, कीं आत्याबाईंचें कमळच तसें होतें, हें सांगणारें आतां घरांत कोणी नाहीं. दोन्ही कागद एकाच पाकिटांत घालून डबा माळ्यावर ठेविला आहे.