थ्रेड : भरतीच्या रेषेपलीकडची जमीन कोणाची? बालसाहित्यातील भटकंती आणि कोकणातील खोती

१/ रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरील काळसर वाळूत खेळणाऱ्या मुलांना कोणी मालक हटकायला येत नाही. त्यामागे कायदा आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम ३७ ने भरतीच्या रेषेखालील समुद्र, बंदरे व खाड्या यांचा तळ सरकारी ठरवला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम २० मध्ये तेच कायम ठेवले. त्या रेषेवरून वर चढले की मात्र गडगा लागतो.

२/ गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली बुटकी भिंत. साहसकथांतील मुले असे गडगे सहज ओलांडतात. पलीकडची जमीन कोणाची, हा प्रश्न कथेत बहुधा उपस्थितच होत नाही.

३/ स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (१८८३) बेट निर्जन, म्हणून प्रश्न सुटलेला. आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’मध्ये (१९३०) चार भावंडे इंग्लंडमधील एका सरोवरातील बेटावर तळ ठोकतात. तेथे परवानगी मिळवायची असते ती आईवडिलांची. बेटाच्या मालकाची चिंता कथेला फारशी छळत नाही. आणि त्याच इंग्लंडमध्ये, २४ एप्रिल १९३२ रोजी, मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण किंडर स्काउटच्या पठारावर चढले. ते पठार श्रीमंतांच्या पक्षी-शिकारीसाठी राखलेले होते. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. सुखवस्तू घरच्या मुलांसाठी जी सुट्टी, तीच गिरणीतल्या पोरांसाठी गुन्हा ठरली.

४/ कोकणात हा भेद अधिक उघडा होता. रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ गावे खोती होती. खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून धान्य वसूल करी. भातजमिनीवर अनेक ठिकाणी निम्मे पीक, म्हणजे ‘अर्धेल’. शिवाय वेठ. १८८० च्या खोती कायद्याने खोतांचे हक्क लेखी बांधून दिले. डोंगरउतारावरील वरकस जमीन, सडा, त्यावरील गवत व झाडे यांवरून खोत व कुळे यांचे तंटे वर्षानुवर्षे चालत.

५/ मराठीतील सर्वांत प्रिय बालनायक याच व्यवस्थेतून आला आहे, हे सहसा विसरले जाते. साने गुरुजींचा जन्म १८९९ मध्ये दापोली तालुक्यातील पालगड येथे, खोताच्या घरी झाला. घराणे पुढे कर्जात बुडाले. ‘श्यामची आई’ हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यात नदी आहे, रान आहे, विहिरीतले पोहणे आहे; आणि सावकाराची जप्तीही आहे. श्यामचे बालपण खोतीच्या अंगणात सुरू होते आणि ते अंगण हातचे जात असताना संपते. जमीन गमावण्याचा इतका नेमका अनुभव मराठी बालसाहित्यात क्वचितच आढळतो.

६/ त्याच पुस्तकात लाकडांची मोळी वाहणारी एक वृद्ध महार स्त्री येते. वाट सर्वांची, पण त्या वाटेवर मोळी उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण विटाळ होईल. म्हणजे मालकी हे एकच कुंपण नव्हते. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये बोले ठराव संमत झाला व सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले म्हटले गेले. तरी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. न्यायालयीन निकाल लागायला १९३७ उजाडले.

७/ रानात सर्वांत जास्त फिरणारा मुलगा खरे तर कुळाचा होता : गुराखी. भात कापून झाले की मळे गुरांसाठी मोकळे होत. प्रत्येक पाणंद, प्रत्येक झरा त्याला ठाऊक असे. परंतु त्याची भटकंती हे काम होते, सुट्टी नव्हती. म्हणूनच की काय, तो साहसकथेचा नायक क्वचितच झाला.

८/ भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याबाबतीत चतुर निघाला. बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, आणि कायम सायकलवर. त्याचे साहस पुष्कळदा हमरस्त्यावरून सुरू होते. आणि रस्त्याला खोत नसतो. स्वातंत्र्योत्तर मराठी मुलाला भागवतांनी जहागिरीपेक्षा सायकल दिली, ही निवड साधी दिसली तरी मोठी आहे.

९/ दरम्यान खोतीही कोसळत होती. श्यामची कथा लिहिली गेली त्याच वर्षी, १९३३ मध्ये, अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. निर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ चा. योगायोग असा, की ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील मुक्त प्रवेश यांचा कायदा त्याच वर्षी झाला. तेथे चालण्याचा हक्क कायद्यात आला, येथे कसण्याचा. चालण्याचा हक्क कोणी मागितलाही नाही, कारण वाटा होत्याच.

१०/ त्या वाटा पुढे अरुंद होत गेल्या. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. वरकस उतारांवर आंबा-काजू उभा राहिला. कोकणाला त्याने पैसा दिला, हे नाकारता येत नाही. पण कलमाभोवती गडगा आला, पुढे काटेरी तार आली, मोकाट गुरे आणि मोकाट पोरे दोन्ही बाहेर राहिली.

११/ मग वाट अडली तर? १८८२ चा सुविधाधिकार कायदा मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. त्यानुसार वीस वर्षांच्या उघड, अखंड वहिवाटीने वाटेचा हक्क सिद्ध होतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. शेताकडे किंवा चराईकडे जाणारी वाट त्या कलमात बसते. करवंदे काढायला जाणारी बसत नाही.