शत्रूच्या नावाने मोजलेली वर्षं

इ.स. ७८ला त्या काळी कुणीच ७८ म्हणत नव्हतं. रोमच्या गादीवर व्हेस्पासिअन होता. नगरस्थापनेपासून मोजलं तर ते ८३१वं साल. बाबिलोनकडे सेल्युकसच्या गणनेचं ३८९, चीनमध्ये सम्राट चांगच्या ‘च्यानछू’ पर्वाचं तिसरं, विक्रम संवत १३५. आणि आपल्या पंचांगातल्या शालिवाहन शकाचं? शून्य.

आमच्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिकेवर ‘शालिवाहन शके १८८८’ छापलंय. ‘शके’ ही संस्कृतातली सप्तमी, म्हणजे ‘शकात’. आता गंमत बघा. शक हे बाहेरून आलेले राज्यकर्ते. शालिवाहन म्हणजे सातवाहन, त्यांचे हाडवैरी. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, शकांचा संहारक म्हटलंय. नाशिकजवळच्या जोगळटेंभीत १९०६ साली तेरा हजारांवर नाणी निघाली, त्यांतल्या बहुतेकांवर शक राजा नहपानाच्या छापावरच सातकर्णीचा छाप ठोकलेला. एवढं वैर! तरी मराठी माणूस दोघांची नावं एका दमात घेतो.

बरं, सातवाहनांनी हा शक वापरलाच नाही. त्यांच्या लेखांत आपापल्या राज्याची वर्षं: गौतमीपुत्राचं १८वं, २४वं. मग सुरू केला कुणी? पूर्वी कुषाण राजा कनिष्काचं नाव घेत. पण संशोधक हॅरी फाल्क यांनी ‘यवनजातक’ या ज्योतिषग्रंथावरून कुषाणांची गणना इ.स. १२७पासून धरली आणि तो दावा बराच ढिला पडला. माझं मत शक क्षत्रप चष्टनाच्या बाजूने. कच्छातल्या अंधौच्या शिळांवर त्याचं नाव आणि वर्ष ५२ आहे. पुढे त्याच्या घराण्याने नाण्यांवरही याच गणनेतली वर्षं पाडली. राजधानी उज्जैन, म्हणजे ज्योतिष्यांचं गाव. राजे गेले, पण ज्योतिष्यांना अखंड चालणारा आकडा हवाच होता. वराहमिहिराने गणितासाठी शके ४२७च धरलं. शक टिकला तो तलवारीने नव्हे, गणिताने, असं मी बेधडक म्हणतो.

शालिवाहनाचं नाव बऱ्याच शतकांनी चिकटलं. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातला शके ५००चा लेख तर सरळ शक राजाच्या राज्याभिषेकापासून वर्षं मोजतो. मी अडखळलो तो इथेच. राज्याभिषेकापासून? ही तर आपल्या ओळखीची गोष्ट! शके १५९६च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर नवी गणना सुरू झाली, ती राज्याभिषेकापासूनच. तोवर ‘शक’ शब्दातला परका राजा पार पुसला गेला होता. उरला होता नुसता ‘कालगणना’ हा अर्थ. म्हणूनच शिवाजी महाराज शककर्ते, आणि त्यांच्या गणनेचं नावही ‘राज्याभिषेक शक’.