समुपदेशक-प्रशिक्षणातील कार्यसंचिका

समुपदेशकाच्या प्रशिक्षणात विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे निवडक नमुने व त्यांवरील त्याचे स्वतःचे विवेचन यांचा संग्रह म्हणजे कार्यसंचिका (पोर्टफोलिओ). तिचे मूळ मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणात शोधता येते. पूर्वी प्रशिक्षणार्थी मुलाखतीनंतर स्मरणाने टिपण लिही आणि शिक्षकास त्यावरच विसंबावे लागे. कार्ल रॉजर्झ १९४० मध्ये ओहायओ राज्य विद्यापीठात आला. तेथे त्याने व बर्नार्ड कॉव्हनर याने मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. समुपदेशकांच्या टिपणांतून बराच मजकूर गळतो, हे कॉव्हनरने मुद्रणांशी पडताळून दाखविले. रॉजर्झने १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका व्यक्तीच्या आठही मुलाखती समग्र छापल्या.

अमेरिकेत १९८३ पासून घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय समुपदेशक परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांतून ज्ञान कळते. दुःखी माणसासमोर गप्प बसता येते की नाही, हे कळत नाही. ही उणीव कार्यसंचिका भरून काढते. तीत ध्वनिफिती, व्यक्तिवृत्ते, पर्यवेक्षकाचे अभिप्राय व आत्मपरीक्षण असते. अधिस्वीकृती मंडळाच्या २००९ च्या मानकांनी विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष निष्पत्तीचा पुरावा मागितल्याने अशा साधनांस महत्त्व आले.

अडचणी मात्र राहतातच. मुलाखत देणाऱ्याची संमती व गोपनीयता अनिवार्य ठरते. शिवाय मार्गदर्शक व परीक्षक बहुधा एकच असल्याने विद्यार्थी निर्दोष फीतच पुढे करतो. वास्तविक फसलेली मुलाखत अधिक शिकविते. म्हणून काही शिक्षक अपयशाचा एक नमुना सक्तीने मागतात व त्यास गुण न देता केवळ चर्चा करतात.