आवाजाची आवक-जावक

कचेरीत आवक-जावक हे दोन शब्द दिवसभर कानावर असतात. कागद बाहेर गेला की जावक, उत्तर आले की आवक. उत्सवी नाटकांच्या वेळी हौसेने मिक्सरवर बसू लागलो, तेव्हा त्यावरचे ‘ऑक्स सेंड’ आणि ‘ऑक्स रिटर्न’ मला या दोन शब्दांमुळे चटकन कळले. मूळ फाईल आपल्या वाटेने पुढे जाते. तिची एक प्रत दुसऱ्या खात्याकडे जाते, तिथून शेरा घेऊन परत येते आणि फाईलला जोडली जाते. आवाजाचेही तसेच. मूळ आवाज सरळ कर्ण्याकडे जातो. त्याची थोडी प्रत सेंडमधून घुमारा देणाऱ्या यंत्राकडे जाते आणि घुमून रिटर्नमधून मूळ आवाजात मिसळते.

ही सोय नव्हती तेव्हा काय करत? आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची कन्या त्याचे उत्तर देऊन गेली आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटात खेमचंद प्रकाश यांच्या संगीतात लताबाईंनी ‘आयेगा आनेवाला’ गायले. सूर दुरून जवळ येतो आहे असे वाटायला हवे होते. लताबाईंनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी होता आणि त्या गातगात लांबून त्याच्याकडे चालत आल्या. तिथे यंत्राऐवजी गायिकेची पावलेच कामाला आली. आज ते गाणे ऐकताना हे लक्षात ठेवावे.

त्याच सुमारास अमेरिकेत, शिकागोला, बिल पटनम नावाचा ध्वनितंत्रज्ञ वेगळी वाट शोधत होता. १९४७ मध्ये ‘हार्मोनिकॅट्स’ या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाची ‘पेग ओ माय हार्ट’ ही धून ध्वनिमुद्रित करताना त्याने चक्क न्हाणीघर वापरले. आत एक कर्णा ठेवला, एक मायक्रोफोन ठेवला. कर्ण्यातून धून वाजायची, गुळगुळीत भिंतींवर घुमायची, आणि तो घुमारा मायक्रोफोन उचलून परत आणायचा. विहिरीत डोकावून ‘ओ’ दिलेल्या प्रत्येकाला यातले अर्धे शास्त्र ठाऊक असते. पटनमची करामत पुढच्या अर्ध्या भागात होती: मूळ आवाज तसाच ठेवायचा आणि घुमारा हवा तेवढाच मिसळायचा. सेंड आणि रिटर्न म्हणजे एवढेच.

पण प्रत्येकाकडे रिकामी खोली कुठून असणार? १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने खोलीऐवजी पोलादी पत्रा आणला. सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा चौकटीत ताणून टांगलेला. तो आवाजाने थरथरे आणि ती थरथर परत उचलली जाई. वजन पाव टनाहून जास्त. १९७६ मध्ये त्याच कंपनीने अंकीय यंत्र काढले. पुढे यंत्रे लहान आणि स्वस्त होत गेली, आणि आज जत्रेच्या मंडपातल्या साध्या मिक्सरच्या पोटातही घुमारा असतो. न्हाणीघर गेले, पत्रा गेला, पण जावक-आवकीची रीत तीच राहिली.

या रीतीचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे गाणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज ऐकवणे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘बीटल्स’ पंचावन्न हजारांवर श्रोत्यांपुढे गायले. रंगमंचावर त्यांच्याकडे तोंड केलेला कर्णा नव्हता. त्या किंकाळ्यांत त्यांना आपलेच गाणे धड ऐकू येत नव्हते. हळूहळू गायकाच्या पायाशी मॉनिटर ठेवण्याची पद्धत रुळली, आणि त्याला आवाज पुरवते ती ऑक्सचीच एक जावक.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. घुमाऱ्यासाठीची प्रत फेडरनंतर काढतात, म्हणजे आवाज खाली आणला की घुमाराही त्याच्याबरोबर उतरतो. मॉनिटरची प्रत फेडरच्या आधी काढतात. साहेबांनी फाईलवर कितीही काटछाट करो, आधी काढलेल्या प्रतीला धक्का लागत नाही. आणि घुमारा ज्या पट्टीवर परत येतो, त्या पट्टीची घुमाऱ्याकडची जावक शून्यावरच हवी. नाहीतर कागद त्याच खात्यात गरगरत राहतो आणि मंडपात शिट्टी वाजते.

आमच्या गावच्या उत्सवी नाटकात एक बुजुर्ग गायक-नट होते. पदे गाताना सूर सुटू लागला, तेव्हा ‘आता आवाज गेला’ असे लोक मागून बोलू लागले. कर्णे सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून. पंचवीस-तीस मीटरवरच्या घरांच्या भिंतीवर आपटून त्यांचेच गाणे त्यांच्याकडे मागाहून परत यायचे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा सहावा हिस्सा उशीर. तबला एकीकडे, स्वतःचा सूर दुसरीकडे. एका वर्षी त्यांच्या पायाशी छोटा कर्णा ठेवला आणि त्यात फक्त ऑर्गन व त्यांचा आवाज सोडला. नांदी संपली तेव्हा ऑर्गनवाल्यांनी मान डोलावली. ते पुढे आणखी तीन उत्सव गायले.

म्हणून उत्सव समित्यांना माझे सांगणे असते: ध्वनिव्यवस्था ठरवताना प्रेक्षकांकडचे खोके मोजाच, पण गाणाऱ्याकडे तोंड केलेला एक तरी आहे ना, ते आधी विचारा. घुमारा नसला तरी चालेल. आपल्या देवळांचे सभामंडप तो फुकट देतात. गाणाऱ्याला स्वतःचा सूर मात्र कोणताही सभामंडप ऐकवत नाही.