होर्ड, उर्दू आणि पेंढारी

'वॉरक्राफ्ट' हा संगणकावरचा युद्धाचा खेळ १९९४ साली ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने आणला. खेळात दोन पक्ष. एकीकडे माणसं आणि दुसरीकडे ऑर्क. ऑर्क म्हणजे हिरव्या कातडीचे, ओठांबाहेर सुळे आलेले धिप्पाड प्राणी. ते दुसऱ्या जगातून एका दारातून माणसांच्या राज्यात शिरतात आणि गावं जाळत सुटतात. खेळणाऱ्याने एक पक्ष निवडायचा, लाकूड आणि सोनं गोळा करायचं, फौज उभी करायची आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. असे ऑर्क आता कितीतरी खेळांत आहेत आणि हट्ट्यातल्या शाळकरी मुलांनाही ते ठाऊक आहेत.

भाषा शिकवणाऱ्याचं लक्ष मात्र लढाईपेक्षा नावांकडे आधी जातं. माणसांच्या पक्षात लाकूड तोडणाऱ्याला 'पेझंट' म्हणतात, म्हणजे शेतकरी. ऑर्कांच्या पक्षात तेच काम करणाऱ्याला म्हणतात 'पिऊन'. आपल्या कचेऱ्यांतला प्यून तो हाच शब्द. काम एकच, कुऱ्हाडही तीच, पण एक शेतकरी ठरला आणि दुसरा हरकाम्या.

ऑर्कांच्या पक्षाचं नाव आहे 'होर्ड'. इंग्रजीत होर्ड म्हणजे रानटी लोकांची झुंड. पण हा शब्द मुळात इंग्रजी नाही. तुर्की-मंगोल भाषांत 'ओर्दू' म्हणजे छावणी, खानाचा तळ. तेराव्या शतकात मंगोल फौजा पूर्व युरोपात पोहोचल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी हा शब्द ऐकला. पोलिश भाषेत त्याच्यापुढे 'ह' लागला आणि फिरत फिरत तो इंग्रजीत आला. येईपर्यंत छावणी हा अर्थ मागे पडला होता, भीती तेवढी उरली होती.

तोच शब्द दुसऱ्या वाटेने दिल्लीला आला. मोगल बादशहाची छावणी म्हणजे 'उर्दू-ए-मुअल्ला'. त्या छावणीची आणि राजधानीची बोली ती 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला', आणि पुढे नुसतीच 'उर्दू'. दिल्लीच्या जामा मशिदीजवळचा उर्दू बाजार अजूनही ते जुनं नाव सांभाळून आहे. म्हणजे मी वर्गात शिकवतो ती भाषा आणि खेळातल्या राक्षसांची टोळी, दोघांचं नाव एकच. पश्चिमेकडे गेला तो शब्द झुंड झाला, आपल्याकडे आला तो गझलेची भाषा झाला.

ऑर्कांना आजचं रूप दिलं जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाने. 'द हॉबिट' १९३७ साली आलं आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये. ऑर्क हा शब्द त्याने जुन्या इंग्रजीतून उचलला, तिथे त्याचा अर्थ राक्षस असा आहे. १९५८ सालच्या एका पत्रात त्याने ऑर्क कसे दिसतात ते सांगितलं आहे: बुटके, रुंद, चपट्या नाकाचे, तिरप्या डोळ्यांचे. युरोपियनांना मंगोल चेहऱ्याचं जे रूप ओंगळ वाटतं, तेच त्याने तिथे नाव घेऊन सांगितलं. टॉल्किन वंशद्वेष्टा नव्हता, नाझींच्या वंशवादाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तरीही राक्षस रंगवायची वेळ आली, तेव्हा युरोपच्या जुन्या आठवणीतला चेहरा त्याच्या हाताशी तयार होता.

वाचकहो, हे सगळं लांबचं वाटेल. पण असाच एक पक्ष आपल्या इतिहासातही आहे. त्याचं नाव पेंढारी.

मराठीत पेंढारी ही शिवी आहे. घर कुणी ओरबाडून नेलं की आपण म्हणतो, पेंढाऱ्यासारखं लुटलं. शब्दाच्या उगमाबद्दल मतं अनेक आहेत. त्यातलं एक त्याचा संबंध पेंढ्याशी, म्हणजे जनावरांच्या वैरणीशी जोडतं. ते खरं असो वा नसो, पेंढाऱ्यांचं जुनं काम त्याला जुळतं. ते फौजेच्या मागून चालत, वैरण आणि धान्य आणत, शत्रूचा मुलूख उजाड करत आणि हरलेल्या फौजेचा पाठलाग करत. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांबरोबर आणि नंतर मराठ्यांच्या फौजांबरोबर ते होते. १७६१ साली पानिपतावरही ते मराठ्यांच्या बाजूने होते.

त्यांचा पगार काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उत्तर असं की पगार नव्हताच. शिलेदाराला तनखा होता, बारगिराला सरकारी घोडा होता. पेंढाऱ्याला मिळत होती फक्त लुटीची परवानगी. वर त्या परवानगीसाठी तोच सरकारात भरणा करायचा, त्याला पालपट्टी म्हणत. ज्या सरदाराच्या आश्रयाला ते असत, त्याच्या नावाने ओळखले जात: शिंदेशाही आणि होळकरशाही.

'वॉरक्राफ्ट'च्या २००२ सालच्या तिसऱ्या भागात नेमका हाच नियम आहे. ऑर्कांना 'पिलेज' म्हणजे लूट नावाची एक विद्या मिळते. ती मिळवली की त्यांच्या सैनिकाने शत्रूच्या इमारतीवर घाव घातला की खजिन्यात भर पडते. माणसांच्या पक्षाला ही विद्या नाही. खेळ बनवणाऱ्यांनी लूट हा ऑर्कांचा स्वभाव मानला. इतिहासात मात्र तो स्वभाव नव्हता, ती नोकरीची अट होती. ज्याला पगार द्यायचा नाही त्याला लुटायला सोडायचं, हा हिशोब राजवाड्यात बसून केलेला होता.

पेंढाऱ्यांच्या टोळीत होतं तरी कोण? त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे की हजार पेंढाऱ्यांत बऱ्यापैकी घोडा आणि हत्यार असलेले चारशेच. त्या चारशेंतही दर पंधरा जणांमागे एकाकडे बंदूक, बाकीच्यांकडे बांबूचे लांब भाले. आणखी चारशे मरतुकड्या घोड्यांवरचे, हाताला लागेल ते हत्यार घेतलेले. उरलेले दोनशे म्हणजे गुलाम, नोकर, तट्टांवरचे बाजारबुणगे. पठाण, जाट, मराठे, हिंदू-मुसलमान, सगळे एकत्र. दसरा झाला, नद्यांचं पाणी उतरलं की ते बाहेर पडत. म्हणजे सीमोल्लंघनाचा त्यांचा आणि मराठी फौजांचा मुहूर्त एकच होता.

चित्तू हा त्यांचा सर्वांत नावाजलेला म्होरक्या. तो जन्माने जाट. दुष्काळात लहानपणी विकला गेला. एका पेंढारी सरदाराने त्याला विकत घेतलं आणि वाढवलं. पुढे शिंद्यांनी त्याला जहागीर आणि नवाब हा किताब दिला. खेळातला ऑर्कांचा नायक आहे थ्रॉल. त्या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ गुलाम. तोही तान्हा असताना माणसांच्या हाती सापडलेला आणि लढवय्या गुलाम म्हणून वाढवलेला. खेळ लिहिणाऱ्यांना चित्तू माहीत असण्याचं काही कारण नाही. पण टोळ्यांत माणसं कुठून येतात, हे त्यांना बरोबर उमगलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पेंढाऱ्यांना नायक करायचं म्हणून हा लेख नाही. २०१० साली 'वीर' चित्रपटात सलमान खान पेंढारी झाला आणि पेंढारी म्हणजे गोऱ्यांशी लढणारे देशभक्त असं चित्र उभं राहिलं. ते खरं नाही. मार्च १८१६ मध्ये पेंढारी गुंटूरच्या बाजूला कंपनीच्या मुलखात शिरले. बारा दिवसांच्या आत ३३९ गावं लुटली, १८२ माणसं मारली, ५०५ जबर जखमी केली आणि ३,६०३ लोकांचा छळ केला. हे आकडे कंपनी सरकारच्या चौकशीतले आहेत. कंपनीला युद्धासाठी निमित्त हवं होतं हे मान्य केलं, तरी त्या गावांचं दुःख खोटं ठरत नाही. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पैसा कुठे पुरला ते विचारायचं, अशी त्यांची रीत होती. ज्यांच्या तोंडाला तोबरा बांधला गेला, त्यांच्यासाठी पेंढारी राक्षसच होते.

प्रश्न एवढाच आहे की १८१६ साली ही टोळी एवढी मोठी का झाली? १८०२ चा वसईचा तह, १८०३ ची शिंदे-भोसल्यांची हार आणि १८०५ चा होळकरांशी झालेला तह, या तीन वर्षांत मराठी सरदारांचा मुलूख आणि महसूल तुटला. कंपनीच्या तैनाती फौजा आल्या तशा देशी फौजा मोडल्या. हजारो घोडेस्वार बेकार झाले. त्यांच्याकडे घोडा होता, भाला होता, दुसरा हुन्नर नव्हता. ते गेले पेंढाऱ्यांकडे. म्हणजे ज्या राजकारणाने ही झुंड वाढवली, तेच पुढे झुंडीचा बंदोबस्त करायला निघालं.

१८१७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने सव्वा लाखाच्या आसपास फौज बाहेर काढली. पेंढारी फार तर वीस-तीस हजार. एवढ्या मोठ्या फौजेचा रोख फक्त त्यांच्यावर नव्हता हे कळायला वेळ लागला नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, २१ डिसेंबरला महिदपूरची, आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला. युद्ध पेंढाऱ्यांविरुद्ध पुकारलं होतं, संपली मराठेशाही.

पेंढाऱ्यांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल मुहंमदने कैदेत विष घेतलं. चित्तू १८१९ साली अशीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. आणि होळकरांचा जोडीदार, पठाणांचा म्होरक्या अमीरखान? त्याने नोव्हेंबर १८१७ मध्येच कंपनीशी तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला. ते संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. अमीरखानाकडे बसावनलाल नावाचा मुनशी होता. त्याने फारसीत धन्याचं चरित्र लिहिलं आणि १८३२ साली कलकत्त्याला त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. अमीरखानही लुटारूच होता, पण त्याच्याकडे दौत-लेखणी होती. म्हणून तो इतिहासात नवाब म्हणून बसला. चित्तूकडे मुनशी नव्हता.

आपल्या भागात याच काळातली एक लढाई आहे. जानेवारी १८१९ मध्ये हदगावजवळच्या नाव्ह्याच्या गढीला निजामाच्या फौजेने मेजर पिटमनच्या हाताखाली वेढा घातला. गढी होती हटकर सरदार नोवसाजी नाईकाची आणि आत लढत होते अरब शिपाई. नाईक मराठी बोलणारा, शिबंदी अरबी बोलणारी, वेढा घालणारा निजाम मुसलमान, त्याचा सेनापती इंग्रज. यातला कोणता पक्ष होर्ड? इंग्रजी कागदात नाईक बंडखोर आहे, आपल्याकडे तो वीर आहे. धर्मावरून बाजू ओळखायची ठरवली तर ही लढाई कळतच नाही.

आणि मराठी माणसाने आणखी एक आरसा जवळ ठेवावा. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. तिथले लोक त्यांना 'बर्गी' म्हणत. आपल्या बारगीर शब्दाचंच ते बंगाली रूप. त्या धाकाचं वर्णन गंगाराम कवीच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात आहे, आणि बंगाली आया आजही अंगाईत बर्गींची भीती घालून लेकरं झोपवतात. आपल्या पोवाड्यातला शूर घोडेस्वार बंगालच्या पाळण्यापाशी ऑर्क होतो.

खेळ बनवणाऱ्यांनी आपली गोष्ट बदलली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. १९९४ साली ऑर्क नुसते मारण्यासाठी होते. २००२ मध्ये त्यांना बंदी-छावण्या, हरवलेला मुलूख, जुना धर्म आणि पश्चात्ताप मिळाला. मुलं आता त्यांच्या बाजूने खेळतात आणि तरीही त्यांनी जाळलेली गावं विसरत नाहीत. आठ वर्षांत एका खेळाला हे जमलं.

इतिहासाच्या तासाला आपल्यालाही ते जमायला हवं. पेंढारी शिकवताना गुंटूरची ३३९ गावं सांगावीत आणि त्याच तासात पालपट्टीही सांगावी. लुटणारा कोण होता हे सांगावं, आणि त्याचा पगार कोणी बुडवला तेही. कारण झुंड हा शब्द अजून संपलेला नाही. वर्तमानपत्रात, मोबाइलवर, सभेत तो रोज कुणासाठी तरी वापरला जातो. कधी आपल्यासाठी, कधी आपणच दुसऱ्यासाठी. तो ऐकला की आधी विचारावं: ही माणसं आली कुठून, त्यांची भाकरी कोणाच्या हातात होती, आणि हा कागद लिहिला कोणी?