हिरवी पट्टी, तपकिरी पट्टी

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवडणूक जाहीर झाली की त्यांची झोप उडायची. मतदान केंद्रावर नेमणूक झाली की आदल्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात कंदील लावून ते मतपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसत. एकदा मोजून झाले की पुन्हा मोजत. आई चिडायची. त्यावर त्यांचे एकच उत्तर असे : "इथे चूक मी करीन आणि शिक्षा दुसऱ्याला होईल."

हे वाक्य मी अनेक वर्षे विसरून गेलो होतो. निवृत्तीनंतर नागपुरात एका वकील मित्राच्या घरी जुने खंड चाळत होतो. 'ऑल इंडिया रिपोर्टर' हे निकालपत्रांचे नियतकालिक नागपूरहूनच निघते, त्यामुळे इथल्या वकिलांच्या घरी ते भिंतभर सापडते. त्यातल्या १९५५ च्या खंडात हरि विष्णू कामत विरुद्ध अहमद इसहाक हा निकाल डोळ्यांखालून गेला आणि वडिलांचे वाक्य आठवले.

प्रकरण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे आहे. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद हा लोकसभा मतदारसंघ. राजधानी आणि उच्च न्यायालय नागपूरला. २७ डिसेंबर १९५१ ते १५ जानेवारी १९५२ या काळात वेगवेगळ्या दिवशी तिथे मतदान झाले. काँग्रेसचे सय्यद अहमद यांना ६५,३७५ मते पडली, हरि विष्णू कामत यांना ६५,२०१. कामत १७४ मतांनी पडले.

त्या निवडणुकीतील मतदानाची पद्धत आजच्या वाचकाला नवखी वाटेल. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे, चिन्हही नसे. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आडोशाला जाऊन आपली कोरी मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकायची. लाखो निरक्षर मतदारांसाठी काढलेली ही युक्ती होती. या मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या आणि लोखंडी पेट्यांचा मोठा हिस्सा विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यातून गेला. लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकत्रच असल्यामुळे दोन मतपत्रिका वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून डाव्या कडेला जाड पट्टी छापलेली असे : लोकसभेसाठी हिरवी, विधानसभेसाठी तपकिरी.

शोभापूर इथल्या ३१६ आणि ३१७ क्रमांकांच्या केंद्रांवर नेमकी इथेच गडबड झाली. लोकसभेच्या मतदारांच्या हाती तपकिरी पट्टीच्या मतपत्रिका गेल्या. अशा मतपत्रिकांवर ४४३ मते पडली. त्यांपैकी ३०१ सय्यद अहमद यांच्या पेटीत, ६२ कामतांच्या पेटीत, बाकीची इतरांच्या. नियम सांगत होता की केंद्रासाठी ठरवलेल्या खुणेहून वेगळी खूण असलेली मतपत्रिका बाद करावी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ती मते धरली.

वाचकांनी इथे थांबून बेरीज-वजाबाकी करावी. ही सगळी मते बाद केली तर सय्यद अहमद ६५,०७४ वर येतात आणि कामत ६५,१३९ वर. निकाल उलटतो, तोही ६५ मतांनी.

कामतांनी १० एप्रिल १९५२ रोजी निवडणूक याचिका दाखल केली. निवडणूक न्यायाधिकरणाने ती फेटाळली. नागपूरच्या उच्च न्यायालयातही हाती काही लागले नाही. न्यायाधिकरण आपला निर्णय देऊन मोकळे झाले, आता त्याच्यावर रिट काढणार कसे, असाही एक पेच होता. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रकरण गेले. ९ डिसेंबर १९५४ रोजी न्या. वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेला निकाल आला. न्यायाधिकरण संपले म्हणून उच्च न्यायालयाचा अधिकार संपत नाही; खुणेचा नियम सक्तीचा आहे, तो अधिकाऱ्याच्या सोयीने सैल करता येणार नाही; आणि सय्यद अहमद यांची निवडणूक रद्दबातल आहे. कामतांनाच विजयी जाहीर करावे ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. पुन्हा मतदान झाले आणि १९५५ च्या पोटनिवडणुकीत कामत निवडून आले.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल उच्च न्यायालयांच्या अधिकाराची मर्यादा शिकवण्यासाठी सांगतात. कामत कोण होते, हे सहसा सांगत नाहीत. माझे कुतूहल तिथून पुढे गेले.

हरि विष्णू कामत मूळचे मंगळूरचे. आयसीएसमध्ये होते. १९३८ मध्ये त्या नोकरीवर पाणी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेले. संविधान सभेत ते मध्य प्रांत-वऱ्हाडातून आले. या सभेचे सदस्य प्रांतांच्या विधानसभांनी निवडले होते, म्हणजे नागपूरच्या विधानसभेनेच त्यांना दिल्लीला पाठवले, असे म्हणायला हरकत नाही. सभेत त्यांची ख्याती दुरुस्त्या मांडणारा आणि बहुतेक दुरुस्त्या हरणारा सदस्य अशी होती. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी ही त्यांची सूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मतास पडली आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली. या सूचनेशी मी सहमत नाही. पण हरणार हे दिसत असूनही मत मोजायला लावणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो.

ऑगस्ट १९४९ मध्ये सभेपुढे आणीबाणीच्या तरतुदी आल्या. मसुद्यातील कलम २७५ मध्ये आधी युद्ध किंवा देशांतर्गत हिंसाचार असे कारण होते. २ ऑगस्टला मांडलेल्या सुधारित रूपात ते युद्ध, परकीय आक्रमण किंवा 'अंतर्गत अशांतता' असे झाले. हिंसाचाराची जागा अशांततेने घेतली. हिंसाचार दिसतो, मोजता येतो. अशांतता कुणाच्या डोळ्यांना कशी दिसेल, हे सांगणे कठीण. कामतांनी या संपूर्ण प्रकरणावरच हल्ला चढवला. लोकशाही देशांच्या राज्यघटनांमध्ये याला जोड सापडत नाही, सापडते ती जर्मनीच्या वायमार राज्यघटनेत आणि तिचा शेवट हिटलरने तिच्याच तरतुदी वापरून केला, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. राइशस्टागच्या आगीनंतर २८ फेब्रुवारी १९३३ रोजी वायमार घटनेच्या कलम ४८ खाली, वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने, नागरिकांचे हक्क एका हुकमात स्थगित झाले होते.

२० ऑगस्टला त्याहून मोठा प्रश्न आला. मसुद्यातील कलम २८० म्हणत होते की आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकारच राष्ट्रपती स्थगित करू शकतील. हेच पुढे राज्यघटनेचे कलम ३५९ झाले. आपण पोलिसी राज्याचा पाया घालत आहोत, असे कामतांनी बजावले. कलम मंजूर झाल्यावर हा दुःखाचा आणि शरमेचा दिवस आहे, असे ते सभागृहात बोलून गेले.

बहुमताची बाजूही समजून घ्यायला हवी. फाळणीला दोनच वर्षे झाली होती. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या, हैदराबादची पोलीस कारवाई होऊन वर्षही झाले नव्हते आणि तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. देश हातातून निसटेल ही भीती खोटी नव्हती. त्या सभेतील माणसे हुकूमशहा नव्हती. आपल्यानंतर येणारेही आपल्यासारखेच असतील, हे मात्र त्यांनी गृहीत धरले.

पुढचे वाचकांना माहीत आहे, तरी तारखा एका ओळीत ठेवून पाहाव्यात. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. कारण : अंतर्गत अशांतता. मंत्रिमंडळाला ही बातमी २६ जूनच्या सकाळी कळली. वास्तविक १९७१ च्या युद्धात लावलेली परकीय आक्रमणाची आणीबाणी तेव्हाही चालूच होती. तरी दुसरी लावली गेली, ती १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटनेत आलेल्या त्याच शब्दावर.

मग निवडणुकीचा विषय आला. इंदिरा गांधींच्या अपिलाची सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्टला सुनावणी होती. ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत मंजूर झाली. ९ तारखेला शनिवार होता. राज्यांच्या विधानसभांनी त्या एका दिवसात तिला संमती दिली आणि १० ला राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेली. आधी रद्द झालेली निवडणूकही वैध ठरवली गेली. त्या शनिवारी विधानसभांत हात वर करणाऱ्या आमदारांविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. विरोधी बाकांवरील किती तरी आमदार तेव्हा तुरुंगात होते, काही भूमिगत होते. आपल्या मृणाल गोरे महाराष्ट्र विधानसभेच्या सदस्य होत्या. त्या भूमिगत राहून काम करत होत्या आणि नंतर पकडल्या गेल्या.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या घटनादुरुस्तीतील निवडणूक वैध ठरवणारा भाग रद्द केला. न्या. यशवंतराव चंद्रचूड त्या पीठात होते. पण त्याच ऑगस्टमध्ये निवडणूक कायद्यातही पूर्वलक्षी बदल झाले होते. ते न्यायालयाने उचलून धरले आणि बदललेल्या कायद्यानुसार निवडणूक वैध ठरली.

होशंगाबादचा खटला मला इथे महत्त्वाचा वाटतो. १९५४ मध्ये प्रश्न होता : मतदानाआधी ठरलेला नियम मतदानानंतर सैल करावा का? न्यायालयाने नाही म्हटले. १९७५ मध्ये मतदान होऊन चार वर्षे उलटल्यावर, निकालही लागल्यावर, नियमच बदलला गेला. शोभापूरला चुकीचा गठ्ठा उघडला तो गोंधळलेल्या कर्मचाऱ्याने. दिल्लीत मात्र जे झाले ते पूर्ण भानावर राहून झाले.

कामतांनी २० ऑगस्टला ज्या कलमाविषयी इशारा दिला होता, त्याची कसोटी एप्रिल १९७६ मध्ये लागली. बंदीप्रत्यक्षीकरणाचा खटला कामतांच्याच मध्य प्रदेशातून, जबलपूरहून आला होता. कलम ३५९ खालच्या आदेशामुळे बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी २८ एप्रिलला ठरवले. त्या चौघांत न्या. चंद्रचूडही होते. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना.

१९७७ मध्ये कामत पुन्हा होशंगाबादहून लोकसभेत गेले. सत्तर वर्षांचे झाले होते. त्याच लोकसभेच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द गेले, त्यांच्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, ही अट आली. महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने संमती आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घेणे आवश्यक झाले. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. ३९ व्या दुरुस्तीने घातलेले कलम पूर्ण काढून टाकले गेले. एकोणतीस वर्षांपूर्वी एकाकी वाटणारे आक्षेप बऱ्याच अंशी घटनेच्या मजकुरात उतरले. कामत १९८२ मध्ये वारले.

इथे लेख संपवणे सोपे होते. पण एक गोष्ट मला टोचत राहिली, ती सांगायला हवी. शोभापूरचे ४४३ मतदार काही चुकले नव्हते. त्यांच्या हातात जो कागद दिला तो त्यांनी हव्या त्या पेटीत टाकला. आयुष्यातले पहिले मत. नियम पाळला गेला आणि त्यांचे मत गेले. कामतांच्या बाजूने लिहिताना मी या माणसांच्या विरोधात तर उभा राहत नाही ना?

बराच विचार करून मी एवढ्यावर आलो आहे. मत धरायचे की टाकायचे हे निकाल पाहून ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला, तर आज ४४३ मते वाचतील. उद्या त्याच अधिकाराने कुठलीही मते वाचवता किंवा बुडवता येतील. न्यायालयाने कामतांना आयती खुर्ची दिली नाही, लोकांकडे परत पाठवले. म्हणजे त्या ४४३ जणांनाही पुन्हा मत देता आले. नियमाचा काच त्यांना बसला खरा, पण मत परत मिळाले तेही नियमामुळेच. सैल नियम आणि सैल शब्द दोन्ही सुरुवातीला दयाळू वाटतात. १९४९ मध्ये 'अशांतता' हा शब्दही घाबरलेल्या देशाविषयीच्या कळवळ्यानेच आला होता.

आता मतदान यंत्रांवर होते. तरीही लोकसभेचा आणि विधानसभेचा मतदानाचा कागद रंगाने वेगळा ठेवतात : लोकसभेला पांढरा, विधानसभेला गुलाबी. गेल्या खेपेला आमच्या केंद्रावर एक तरुण शिक्षिका नेमणुकीला होती. मी रांगेत उभा असताना ती यादीतले नाव, बोटावरची शाई, चिठ्ठी असे सगळे दोनदोनदा बघत होती. रांग हळू सरकत होती. मागून कुणी तरी वैतागून म्हणाले, "बाई, जरा हात चालवा."

मी मागे वळून त्याला म्हटले, "बघू द्या तिला नीट."