मौलाना आझाद इंग्रजी कसे शिकले?

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला म्हटला की चाँदबीबी आठवते आणि १९४२ चा ऑगस्टही. ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इंग्रजीत लिहिले. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे उर्दूत लिहिली. नेहरू हॅरो आणि केंब्रिजला शिकलेले, तर मौलानांचे शिक्षण घरीच, अरबी-फारसीत झालेले. तरीही ते इंग्रजी ग्रंथ वाचत. हे त्यांना कसे साधले?

‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनात त्यांनी ते सांगितले आहे. सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचून आधुनिक विद्येची गरज त्यांना पटली. मौलवी मोहम्मद यूसुफ जाफरी यांनी त्यांना इंग्रजी मुळाक्षरे शिकवली आणि प्यारीचरण सरकार यांचे पहिले पुस्तक दिले. पुढची वाट मौलानांनी स्वतःच काढली. बायबलच्या इंग्रजी, फारसी आणि उर्दू प्रती मिळवून त्या शेजारी-शेजारी ठेवून ते वाचू लागले. मग शब्दकोश हाताशी घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे आणि त्यानंतर इतिहास व तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचले.

आपण मुलांना काय देतो? रोज दहा शब्द, स्पेलिंग आणि अर्थ. परीक्षा झाली की शब्द विसरले जातात, कारण त्यांना ना गोष्ट असते ना वाक्य. मौलानांना प्रत्येक शब्द वाक्यात भेटला आणि त्याचा अर्थ येत असलेल्या भाषेने सांगितला. उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजी कच्चे राहते, ही समजूत इथे खोटी ठरते. त्यांच्यासाठी उर्दू-फारसी हीच इंग्रजीची शिडी होती.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी आले म्हणून त्यांनी उर्दू सोडली नाही. हे आत्मकथनही त्यांनी उर्दूत सांगितले आणि हुमायून कबीर यांनी ते इंग्रजीत उतरवले.

मौलाना पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या शाळांत भाषणे होतीलच. सोबत मुलांच्या हातात ओळखीची एखादी गोष्ट दोन भाषांत द्यावी. एका बाजूला मराठी किंवा उर्दू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. शब्द मुले स्वतः शोधतील.